काट्यावर चढून निघालेली ट्रिप : फिनिक्स, ग्रँड कॅनियन आणि डेव्हिस डॅमचा घाट

बुधवार, संध्याकाळ, चँडलर

पोरीला फॉल ब्रेक लागला, आई-बाबा कोल्हापूरहून येऊन महिना झाला, आणि २६ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर (ट्रकमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर) घराशेजारी उन्हात उभा आहे, तर ग्रँड कॅनियन करून यायचं ठरलं. नुसतं कॅनियन असतं तर दोन हॉटेल रूम बुक करून मोकळे झालो असतो. पण मला या ट्रकच्या मागच्या सस्पेन्शनचा एकदा नीट हिशोब लावायचा होता, कारण थँक्सगिव्हिंगला याच सेटअपने कोलोरॅडोला जायचं डोक्यात आहे आणि तिकडच्या घाटात प्रयोग करत बसायची माझी इच्छा नाही.

ट्रक आपला एफ-१५०, ३.५ इकोबूस्ट, चार दारांचा. शोरूममध्ये सांगतात ११,००० पाउंडाच्या वर ओढतो, आणि ओढतो पण, त्यात खोटं काही नाही. पण ओढायचं काम इंजिनाचं आणि उचलायचं काम मागच्या सस्पेन्शनच्या लोखंडी पाट्यांचं, आणि ट्रेलर नुसता मागून ओढला जात नाही, तो हिचवर, म्हणजे ट्रकच्या मागच्या जोडणीवर, बसतोसुद्धा. ट्रेलरच्या वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के वजन हिचच्या बॉलवर यायला पाहिजे, कमी आलं तर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. हे वजन, ज्याला टंग वेट म्हणतात, ते ट्रकच्या पेलोडमधून, म्हणजे ट्रकवर जास्तीत जास्त लादता येणाऱ्या वजनातून, जातं. आणि पेलोड किती ते ब्रोशरमध्ये बघायचं नाही, ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर जो पिवळा-पांढरा स्टिकर आहे त्यावर बघायचं, कारण सनरूफ, फोर व्हील ड्राइव्ह, साइड स्टेप जे काय लावलं असेल ते सगळं वजा करून त्या एका गाडीचा आकडा तिथे छापलेला असतो. माझ्या दारावर १,६४० पाउंड.

आता बसा मोजत. आम्ही पाच माणसं मिळून ६६० (आईने वजन सांगायला नकार दिला, अंदाजे धरलं). ट्रकच्या मागच्या हौद्यात जनरेटर, अवजारं, कूलर, लाकडं मिळून १५०. हिचचं लोखंडी डोकं ९०. झाले ९००. उरले ७४०. ट्रेलर भरून ६,२०० पाउंड धरला तर १२ टक्क्याने टंग होतं ७४४. म्हणजे ११,००० ओढणाऱ्या ट्रकची झोळी ६,२०० च्या ट्रेलरलाच भरली! आणि हे आईने तांदळाची पिशवी, कुकर, लोणच्याच्या बरण्या आणि "लागला तर असू दे" म्हणून मिक्सर आणायच्या आधीचं. मिक्सर ट्रेलरमध्ये गेला, एक्सलच्या बरोबर वर.

संध्याकाळी उजेड होता तोवर टेप घेऊन चाकाच्या कमानीची उंची मोजली, सपाट जागेवर, सगळ्यांना गाडीत बसवून. ट्रेलर न लावता पुढची कमान जमिनीपासून ३८ इंच. ट्रेलर लावला, बार न चढवता : मागचं दोन इंच खाली, पुढचं पावणेएकोणचाळीस. म्हणजे पुढचं पाऊण इंच वर उचललं. मग वेट डिस्ट्रिब्युशनचे, म्हणजे हिचवरचं वजन वाटून देणारे, स्प्रिंग बार चढवले, पुढचं आलं सव्वाअडतीसवर. लोक मागचं बसलेलं बघून हळहळतात, मी पुढची टेप बघतो. मागचं थोडं बसणारच, पाटे त्याच्यासाठीच असतात.

आमच्याबरोबर येणारा मित्र नागपूरकर. त्याचा ट्रक दुसऱ्या कंपनीचा पण याच वर्गातला, हाफ टन म्हणतात त्या हलक्या पिकअपच्या, मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग. त्याचा ट्रेलर माझ्याहून मोठा, बंक बेडवाला, भरून ७,४०० च्या आसपास. त्याने मागे सस्पेन्शनला एअरबॅग, म्हणजे हवेच्या उशा, बसवून घेतल्यात, ६० पीएसआय दाबाने हवा भरली की ट्रक असा सपाट उभा राहतो की लेव्हल लावून बघा. फोनवर म्हणाला, "बाप्पा, तुझा तं बसून राहिला मागून, माझा पाह्य ना." म्हटलं उद्या काट्यावर बघू.

गुरुवार, चँडलर ते फ्लॅगस्टाफ

आय-१७ धरायच्या आधी ट्रकस्टॉपवर कॅट स्केल. हा आपला वजनकाटाच, १९७७ पासून चालू आहे, मूळ आयोवातल्या वॉलकॉटचा, आता सगळ्या देशभर हायवेला मोठ्या ट्रकस्टॉपवर दिसतो. तीन-चार लोखंडी पाट जमिनीत, पुढचं एक्सल पहिल्यावर, मागचं दुसऱ्यावर, ट्रेलर तिसऱ्यावर असं उभं राहायचं, म्हणजे प्रत्येकाचं वजन वेगळं छापून मिळतं. पहिल्या वजनाला पंधरा डॉलरच्या आसपास, आणि त्याच दिवशी परत केलं तर बरंच स्वस्त. इंटरकॉमचं बटण मात्र मोठ्या ट्रकवाल्यांच्या खिडकीच्या उंचीला, पिकअपमधून हात पुरत नाही, उतरून टाचा वर करून दाबावं लागतं. आता अॅप आहे त्यामुळे ती कसरत वाचते, पण बाबांना बटण दाबायचंच होतं.

बाबांची सगळी नोकरी वारणेच्या पट्ट्यातल्या साखर कारखान्यात, त्यातली शेवटची वर्षं गेटवरच्या काट्यावर गेली. ऊस भरून आलेला ट्रॅक्टर आधी काट्यावर, मग रिकामा होऊन परत काट्यावर, वजाबाकी म्हणजे ऊस. त्यांना टंग वेट समजावून सांगायची गरजच पडली नाही. म्हणाले, "सोप्पं हाय की, आधी नुसती गाडी घे, मग जोडून घे, जास्तीचं निघंल ते त्याचं." एवढंच.

तर माझे आकडे. नुसता ट्रक, माणसं-सामान-हिचसकट : पुढे ३,२८०, मागे २,९८०, एकूण ६,२६०. ट्रेलर जोडून, बार सैल : पुढे २,९६०, मागे ४,०४०, ट्रेलरची एक्सलं ५,४६०. म्हणजे ट्रक बरोबर ७,००० झाला, आणि ७,००० हीच त्याची जीव्हीडब्ल्यूआर, कंपनीने ठरवलेली वजनाची कमाल मर्यादा. मागच्या एक्सलची मर्यादा ४,०५०, तिथे १० पाउंड शिल्लक, म्हणजे मागे कोणी जड जेवून बसलं तर संपलं. टंग निघालं ७४०, कालच्या अंदाजाच्या अगदी जवळ. आणि बघण्यासारखी गोष्ट अशी की टंग ७४० असताना मागचं एक्सल १,०६० ने वाढलं आणि पुढचं ३२० ने कमी झालं. बॉल मागच्या चाकाच्याही मागे चार-पाच फुटांवर लटकतो, तिथे दाबलं की मागचं चाक टेकू होतं आणि पुढचं उचललं जातं.

बार चढवून परत : पुढे ३,१६०, मागे ३,७००, ट्रेलर ५,६००. बेरीज तीच, १२,४६०. पण पुढे २०० परत आले, मागचे ३४० गेले, आणि १४० चक्क ट्रेलरच्या चाकांवर जाऊन बसले. स्प्रिंग बार एवढंच करतात, हिचला पिळून वजन पुढे आणि मागे दोन्हीकडे वाटतात. हिच ज्यात बसते त्या ट्रकच्या रिसीव्हरखालीपण एक स्टिकर असतो, तो वाकून कोणी वाचत नाही : माझ्या स्टिकरवर लिहिलंय, बार नसतील तर ५,००० चा ट्रेलर आणि ५०० चं टंग, त्याच्या वर बार लावलेच पाहिजेत.

मग नागपूरकर चढला. एअरबॅग ६० पीएसआय, ट्रक सपाट, फोटो काढावा असा. नुसता ट्रक असताना पुढे ३,२०० होतं. ट्रेलर जोडल्यावर पुढे २,८००, मागे ४,२००. त्याच्या मागच्या एक्सलची मर्यादा ४,१००. तो पावती घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला मशीन बिघडली असेल. मग त्याने बॅगमधली हवा सोडून परत वजन केलं, ट्रक खाली बसला, आकडे २० पाउंड इकडे-तिकडे सोडले तर तेच.

इथे बाबांनी तोंड उघडलं. "आमच्याकडं दोन ट्रॉल्या लावून चढाला लागलेला ट्रॅक्टर पुढनं कसा उठतोय बघितलंस न्हवं? ड्रायव्हर पुढच्या बंपरवर दोन गडी बसवतो. ह्याचं तेच झालंया, फक्त ह्यानं बुडाखाली उशी घातलीया म्हणून दिसंना झालंय." याच्याहून चांगलं मला इंग्लिश-मराठी कुठल्याच व्हिडिओत ऐकायला मिळालेलं नाही. एअरबॅग मागची उंची वाढवते, पाटे किंवा कॉइल तळाला आपटण्यापासून वाचवते, हेडलाइट आभाळात जाण्यापासून वाचवते, हे सगळं खरं. पण पुढून गेलेले ४०० पाउंड ती परत आणत नाही, एक्सलची मर्यादा वाढवत नाही, आणि दारावरचा स्टिकर तर अजिबात बदलत नाही. बॅगच्या खोक्यावर ५,००० पाउंड लिहिलेलं असतं ती बॅगची ताकद, ट्रकची नाही, आणि बॅग बनवणारे स्वतः खाली बारीक अक्षरात हेच सांगतात. एक्सल, बेअरिंग, रिम, टायर, ब्रेक सगळं जुनंच असतं ना.

त्याने तिथेच ट्रेलरची पाण्याची टाकी रिकामी केली. ४० गॅलन म्हणजे ३३० पाउंड, आणि त्याची टाकी एक्सलच्या पुढे आहे त्यामुळे टंगही जवळपास १०० ने उतरलं. सायकली पुढच्या रॅकवरून काढून ट्रेलरच्या मधोमध टाकल्या. एवढं करून ताशी ६० मैलांच्या वर जायचं नाही असं ठरवून निघालो.

आय-१७ हा फिनिक्सकरांचा सगळ्यात ओळखीचा चढ. फिनिक्स ११०० फुटांवर, फ्लॅगस्टाफ ७,००० ला थोडं कमी, मधे ब्लॅक कॅनियन सिटीच्या पुढे सनसेट पॉइंटपर्यंत सलग ६ टक्क्यांचा चढ, आणि गाडी तापू नये म्हणून एसी बंद करा अशा पाट्या. आम्ही एसी चालूच ठेवला, आई मागे बसलेली. माझा ट्रक उजव्या लेनमध्ये ५० ने गुणगुणत चढला. मागे बघतोय तर नागपूरकर लेनमध्ये सारखा बारीक-बारीक डावी-उजवी करतोय. सनसेट पॉइंटला थांबलो तर म्हणाला स्टीअरिंग हातात लागतच नाहीये, लोण्यात फिरवल्यासारखं वाटतंय. पुढे कॅम्प व्हर्डीचा उतार, तिथे टो-हॉल मोड (ओझं ओढताना वापरायचं गिअरचं सेटिंग) लावून गिअर खाली, ब्रेक मधून-मधून दाबून सोडायचा, धरून ठेवायचा नाही. उतारावर ब्रेक मारला की वजन आपसूक पुढे येतं त्यामुळे तिथे त्याला बरं वाटलं. पण कॅम्प व्हर्डीच्या पुढचा लांब चढ आणि बाजूने जाणारे अठरा चाकी, ते हवेचा लोट ढकलतात, आणि पुढची चाकं हलकी असली की तो लोट थेट हातात येतो. फ्लॅगस्टाफला पोचेपर्यंत त्याच्या बायकोने बोलणं बंद केलं होतं, जे मी तिला इतकी वर्षं ओळखतो तरी कधी बघितलं नव्हतं.

शुक्रवार, फ्लॅगस्टाफ ते साउथ रिम

सकाळी ट्रेलरच्या खिडकीवर दव गोठलेलं, बाबा माकडटोपी घालून तयार. टायरची हवा बघितली तर फिनिक्सला भरलेल्यापेक्षा ५-६ पीएसआय कमी. साधारण १० फॅरनहाइट उतरलं की १ पीएसआय उतरतं, त्यामुळे वाळवंटातल्या दुपारी भरलेली हवा डोंगरातल्या सकाळी कमीच दिसणार. थंड टायरवर परत भरली. माझे मूळ टायर पॅसेंजर गाडीच्या जातीचे, पी-मेट्रिक, त्यांची बाजूची भिंत मऊ, बोटाने दाबावी अशी नाही पण वजन आलं की ट्रक त्याच्यावर कडेला डोलतो. ते झिजले की एलटी, म्हणजे ट्रकच्या जातीचे टायर, लोड रेंज ई, ज्यांना ८० पीएसआयपर्यंत भरता येतं, ते टाकायचे हे पक्कं आहे. राइड थोडी टणक होईल, चालेल.

नागपूरकर उठल्याउठल्या शहरातल्या आरव्हीच्या दुकानात. वेट डिस्ट्रिब्युशन हिच घेतली, टंग १,००० पाउंडपर्यंत चालेल अशा बारची. दुकानदार लावून द्यायला तयार होता पण पुढच्या आठवड्यात. मग काय, पार्किंग लॉटमध्ये आम्ही दोघं, टॉर्क रेंच, आणि खुर्ची टाकून सुपरव्हिजनला बाबा.

हे लावताना क्रम महत्त्वाचा, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी एअरबॅगची हवा अगदी कमी करायची, ५-१० पीएसआय, रिकामी नाही करायची कारण रिकामी बॅग घडीत चिमटून फाटते. मग ट्रेलरशिवाय पुढची कमान मोजायची. मग ट्रेलर जोडून, बार न लावता मोजायची. मग बार लावून, साखळीची कडी कमी-जास्त करून किंवा हिचच्या डोक्याचा तिरपेपणा वॉशर टाकून बदलून, पुढचं किमान अर्धं तरी परत खाली येईल असं करायचं, किती आणायचं ते आपापल्या ट्रकच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. मूळपेक्षा खाली अजिबात दाबायचं नाही, मग मागची चाकं हलकी पडतात आणि ओल्या रस्त्यावर मागचं घसरतं. आणि सगळ्यात शेवटी, मागचं अजून बसलेलं वाटलं तर बॅगेत थोडी हवा. आधी बॅग फुगवून मग बार लावले तर बारला पिळायला काही उरतच नाही, बॅगने आधीच मागचं उचलून धरलेलं असतं. बार आणि बॅग दोन्ही एकत्र वापरता येतात, फक्त आधी बार.

दोन तास गेले, वॉशर तीनदा बदलले, दुपारचं जेवण म्हणजे तिथेच उभ्याने दशमी-चटणी. मग पुढच्या ट्रकस्टॉपवर परत काटा. पुढे ३,०२०, मागे ३,८२०. कालचे २,८०० आणि ४,२००. हिचचं डोकं ९०-१०० पाउंड नवीन आलं तरी. बाबांनी दोन्ही पावत्या शेजारी धरून बघितल्या, "आता कशी" म्हणाले आणि खिशात घातल्या, त्या त्याला परत मिळाल्या नाहीत.

आय-४० चा फ्लॅगस्टाफ ते विल्यम्स तुकडा म्हणजे बर्फ पडून-वितळून खाल्लेला रस्ता, खड्डे, ठिगळं, आणि पुलांचे जोड. इथे स्प्रिंगपेक्षा शॉक अॅब्सॉर्बरची परीक्षा. स्प्रिंग वजन पेलते, हेलकावा थांबवायचं काम शॉकचं, आणि ट्रेलर मागे असला की एका जोडावर ट्रक खाली-वर झाला की हिच खाली-वर, की ट्रेलरचं नाक खाली-वर, की परत ट्रक. चांगला शॉक असेल तर एक-दीड हेलकाव्यात संपतं. माझ्या ट्रकचं तीन-चार चालत होतं, मागे बसलेल्या आईच्या हातातला चहा दोनदा सांडला. शॉक मूळचे, ६० हजार मैल झालेले. हे काट्यावर कळत नाही, टेपने मोजता येत नाही, रस्त्यावरच कळतं. कोलोरॅडोच्या आधी बदलायचेच.

विल्यम्सहून उत्तरेला ६४ नंबरचा रस्ता, साठेक मैल, सरळ, उघडं माळरान, आडवा वारा. नागपूरकराने वॉकीटॉकीवर सांगितलं, "काल अन् आज वेगळाच ट्रक चालवून राहिलो बा." वाऱ्याने ट्रेलर हलला तर काय करायचं ते तरीपण मी सगळ्यांना सांगतो : ट्रकचा ब्रेक दाबायचा नाही, स्टीअरिंगने भांडायचं नाही, अॅक्सिलरेटर सोडायचा आणि डॅशबोर्डजवळच्या ब्रेक कंट्रोलरचा खटका हळूच दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे, ट्रेलर मागून ताणला जाऊन सरळ होतो.

मुक्काम ट्रेलर व्हिलेजला, रिमच्या म्हणजे दरीच्या काठाच्या जवळ, वीज-पाणी-ड्रेनेज सगळं. शेजारचं मेदर कॅम्पग्राउंड स्वस्त आणि झाडीतलं, पण तिथे ट्रेलरला वीज-पाण्याची जोडणी नाही आणि ३० फुटांची मर्यादा आहे, आम्हाला जमत नव्हतं.

शनिवार, साउथ रिम

आज ट्रेलर सोडून ठेवलेला, त्यामुळे सस्पेन्शनबद्दल काही नाही. मेदर पॉइंटला सूर्योदय, आईला बोटाने विष्णू टेम्पल दाखवलं. दरीतल्या सुळक्यांना विष्णू, शिव, ब्रह्मा, राम, कृष्ण अशी नावं आहेत, त्यातली विष्णू आणि शिव ही क्लॅरेन्स डटन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात दिलेली, आणि तळाच्या सगळ्यात जुन्या खडकालाही विष्णूचंच नाव. आईने कठड्यावरून हात जोडले, शेजारच्या कोरियन ग्रुपने पण जोडले, का ते त्यांना माहीत नसावं. दुपारी डेझर्ट व्ह्यूचा १९३२ चा दगडी मनोरा, मेरी कोल्टर या बाईने बांधलेला. रात्री पिठलं-भात. मिक्सर लागला नाही.

रविवार, साउथ रिम ते बुलहेड सिटी

परत विल्यम्स, मग आय-४० ने सेलिगमन आणि तिथून जुना रूट ६६ धरून पीच स्प्रिंग्सवरून किंगमन. गर्दी नाही, ५५ ने आरामात, ट्रेलर ओढायला हाच रस्ता बरा, टायरलाही बरा. ट्रेलरसाठीच्या खास एसटी टायरवर बऱ्याचदा ६५ मैलांची मर्यादा असते आणि आय-४० वर सगळे ७५-८० ने पळत असतात, तिथे आपण रांगतोय असं वाटून पाय आपोआप जड होतो. ओटमनची गाढवं बघायची पोरीची फार इच्छा होती, पण सिटग्रीव्ह्ज पासच्या त्या रस्त्यावर ४० फुटांच्या वरच्या गाड्यांना बंदी, आम्ही जोडून ४५ च्या पुढे. फुरंगटली, आइस्क्रीमवर मिटलं.

किंगमनहून ६८ नंबर, गोल्डन व्हॅली, युनियन पास, आणि मग कोलोरॅडो नदीपर्यंत खाली, खाली आणि खाली. पास ३,६०० फुटांच्या आसपास, तळ साडेपाचशेला. उतरताना ब्रेक निकामी झालेल्या ट्रकसाठी खडीचा रॅम्प लागतो, त्याच्याकडे बघून सगळे गप्प होतात. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये ४५ धरून उतरलो. खाली पोचून ट्रेलरच्या चाकांच्या हबला थर्मामीटर गन लावली, चारही जवळपास सारखे. एकच गरम असता तर ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग जातंय असं समजायचं. मुक्काम डेव्हिस कॅम्पला, नदीच्या काठावर, वरच्या बाजूला धरण, समोर नेवाडातल्या लाफलिनच्या कॅसिनोंचे दिवे. बाबांनी पाण्यात पाय घातले आणि लगेच काढले, धरणाच्या तळाचं पाणी, बर्फ.

सोमवार, डेव्हिस डॅमचा चढ आणि घरी

हा आज चढायचा घाट म्हणजे टोइंगवाल्यांच्या जगातला पुण्याजवळचा खंबाटकी नव्हे, त्याहून भारी प्रकार आहे. ब्रोशरमधला जो टो रेटिंगचा, म्हणजे ट्रक किती ओढतो त्याचा, आकडा असतो तो पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या मनाने छापायची. मग एसएई या वाहन-इंजिनिअरांच्या संस्थेने जे-२८०७ नावाचं स्टँडर्ड काढलं, टोयोटाने ते २०११ च्या मॉडेलला आधी पाळलं, फोर्ड, जीएम, रॅम २०१५ च्या सुमारास आले. त्या स्टँडर्डमधली चढाची परीक्षा याच रस्त्यावर बेतलेली : बुलहेड सिटीजवळून युनियन पासकडे ११.४ मैल, बाहेर १०० फॅरनहाइट, एसी फुल, आणि मागे प्रत्येक बाजूला एकच चाक असलेल्या ट्रकने ताशी ४० मैलांच्या खाली यायचं नाही. पण त्याच परीक्षेत ट्रकमध्ये धरलेले असतात दोन जण, १५० पाउंडाचे, वर थोडंसं सामान, आणि टंग १० टक्के. आई नाही, बाबा नाहीत, लाकडं नाहीत, तांदूळ नाही. त्यामुळे तो आकडा खरा असूनही कुटुंबाला घेऊन जाणाऱ्याच्या कामाचा नाही. तुमची मर्यादा दारावरच्या स्टिकरला आणि मागच्या एक्सलला आधी लागते.

आम्हाला ९२ फॅरनहाइट मिळालं, दुपार होईपर्यंत मुद्दाम थांबलो होतो. एसी फुल. माझा ट्रक ५० धरून चढला, ट्रान्समिशनचं तापमान २१५ फॅरनहाइटपर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं, स्टीअरिंग हातात नीट, पुढच्या चाकांना वजन आहे हे वळणावर कळत होतं. नागपूरकर मागे ४५ ने, लेनच्या बरोबर मधे, गुरुवारचं ते डावी-उजवी नाही. वर पोचून मी त्याचे बार तपासले, एका साखळीची कडी घासून चकचकीत झालेली, तिथे ग्रीस लावलं, आणि चाकांचे नट परत टॉर्क केले, हे पहिल्या शंभरेक मैलांत करायलाच पाहिजे कुठल्याही नवीन बसवलेल्या चाकाला, त्याने ट्रिपच्या आधीच टायर बदलले होते.

किंगमनला परत एकदा काटा, कारण त्याने नदीवर पाण्याची टाकी भरून घेतली होती (नको म्हणालो होतो). मागे ४,०००. मर्यादेच्या आत, पण ट्रक एकूण मिळून त्याच्या जीव्हीडब्ल्यूआरला चिकटला. बार आणि बॅग दोन्ही असून. त्याच्या ट्रेलरला खरं तर हाफ टनच्या वरच्या वर्गातला, पाऊण टनाचा ट्रकच पाहिजे, मागे जाड पाटे, वरून ओव्हरलोडचा वेगळा पाटा, एलटी टायर, मोठं एक्सल, हे सगळं कारखान्यातूनच आलेलं. हाफ टनला कितीही टेकू लावले तरी तो हाफ टनच राहतो.

तिथून ९३ नंबर, विकीअप, मधे नथिंग नावाचं गाव लागतं, तिथे खरंच काही नाही, मग जोशुआ ट्री आणि सग्वारो निवडुंग एकाच माळावर दिसणारा तो छान पट्टा, आणि विकेनबर्गला चहा. पोरं झोपलेली. नागपूरकर फोनवर पाऊण टनवाल्या ट्रकच्या जाहिराती बघत बसला होता, बायकोने किंमत विचारली, त्याने सांगितली. ती म्हणाली, "त्याच्यापेक्षा लहान ट्रेलर घे नं." बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "ही काट्यावर बसायला पायजे होती." आणि आम्ही फिनिक्सच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये शिरलो.